वरून जिरावन कुणी घातलं?

पाडव्याच्या आदल्या रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला. "अगं, हे उबंटू आता पार बेकार झालंय. अपडेट केलं, रीस्टार्ट केलं, तर टर्मिनलच उघडत नाही. काही तपासून पाहतात की नाही हे लोक?"

दादा, म्हणजे हा मावसभाव, गेली सोळा वर्षं लिनक्स वापरतोय. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम, उबंटू हा तिचा एक अवतार, आणि टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी. मला लिनक्स शिकवलं तेही त्यानेच. त्यामुळे शेजारच्या काकूंना सांगते तसं "एकदा बंद करून चालू करा" म्हणून त्याची बोळवण करायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. श्रीखंडाचा डबा घेऊन इंदूरच्या लोकमान्य नगरातून निघाले आणि रामबागेत मावशीकडे पोचले. गॅलरीत गुढी, टेबलावर कडुलिंब-गुळाची वाटी आणि वाटीला खेटून दादाचा लॅपटॉप.

टर्मिनलच्या चित्रावर क्लिक केलं. काहीतरी गोल फिरलं आणि थांबलं. खिडकी नाही, चूक झाल्याचा संदेश नाही, काहीच नाही. बाकी ब्राउझर, गाणी, फायली सगळं ठणठणीत. उबंटूत कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 एकदम दाबलं की चित्रांच्या पडद्यामागचा काळा, नुसत्या अक्षरांचा पडदा येतो. तिथे लॉगिन करून पाहिलं, तर 'पायथॉन-3' हे नाव (पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा) दादाच्या मशीनवर 3.11 या आवृत्तीला जोडलेलं होतं.

"पायथॉन बदललास?"

"हो, ऑफिसच्या कामाला नवा लागत होता. पण ते मार्चच्या सुरुवातीला. त्याचा इथे काय संबंध? तीन आठवडे चाललं की व्यवस्थित!"

सगळी गोम त्या 'चाललं की व्यवस्थित'मध्येच आहे, म्हणून जरा खोलात जाते.

उबंटू 22.04 सोबत पायथॉन 3.10 येतो. आपण पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहितो, तसे उबंटूवाल्यांनीही स्वतःच्या घरकामासाठी बरेच लहानसहान प्रोग्राम त्यात लिहून ठेवलेत. टर्मिनलच्या चित्रावर क्लिक केलं की आधी असाच एक छोटा प्रोग्राम चालतो आणि तो खऱ्या टर्मिनलला हाक मारतो. त्याला खिडक्या-बटणांच्या लायब्ररीशी, म्हणजे तयार कोडच्या साठ्याशी, बोलायला एक जोडफाईल लागते. ही फाईल एका ठरावीक पायथॉनसाठी कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेली, असते, आणि कोणासाठी ते तिच्या नावातच लिहिलेलं असतं: नावाच्या मधोमध 'सीपायथॉन-310'. दादाने 3.11 आणून बसवला. त्या नव्या पायथॉनने आपल्या नावाची, म्हणजे 311 ची फाईल शोधली. ती नव्हतीच. प्रोग्राम तिथल्या तिथे आटोपला आणि टर्मिनलपर्यंत हाक गेलीच नाही.

मग तीन आठवडे कसं चाललं? दादा लॅपटॉप बंद करत नाही, नुसतं झाकण मिटतो. टर्मिनलची एक खिडकी आधीपासून उघडी होती. नवी हवी असली की तो त्या खिडकीतूनच शॉर्टकटने उघडायचा, आणि त्या वाटेवर तो पायथॉनचा प्रोग्राम लागतच नाही. अपडेट झालं, रीस्टार्ट झालं, जुनी खिडकी गेली आणि महिन्यात पहिल्यांदा चित्रावर क्लिक करायची वेळ आली. अपडेटचा दोष इतकाच, की घटना घडली तेव्हा ते जवळपास उभं होतं.

उबंटू अशा बदलांची वही ठेवतं. 'अल्टरनेटिव्हज' नावाचा लॉग असतो, तो उघडला. 9 मार्च, रात्री 1 वाजून 40 मिनिटं: पायथॉन-3 म्हणजे यापुढे 3.11. हुकूम दादाचाच. तो वाकून वाचत म्हणाला, "एवढ्या रात्री मी काय करत होतो?" त्यानंतर पॅकेजांची, म्हणजे बसवायला तयार बांधून ठेवलेल्या प्रोग्रामांची, यादी ताजी करताना प्रत्येक वेळी शेवटच्या दोन ओळींत तक्रार येत होती, की 'एपीटी-पीकेजी' नावाचं मॉड्यूल सापडत नाही. कारण तेच, 310 आणि 311. दादाने ती पाहिली होती, पण पॅकेजं तर बसत होती, म्हणून सोडून दिली.

एका ओळीच्या हुकमाने नाव परत 3.10 ला जोडलं, टर्मिनल उघडलं. ऑफिसच्या कामासाठी 3.11 शेजारी राहू दिला, फक्त त्याला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारायची आणि प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथॉनची स्वतंत्र खोली, करायचं. देवघरातली समई उचलून अभ्यासाच्या टेबलावर नेली तर टेबलावर उजेड पडतोच, पण अंधार कुठे झाला ते संध्याकाळी कळतं. टेबलासाठी दुसरा दिवा आणायचा असतो.

हा प्रकार इतक्या जणांनी केलाय की पायथॉनवाल्यांनी त्यासाठी नियमच काढला, पीईपी 668. उबंटू ज्यावरून निघालं त्या डेबियनच्या 12 पासून आणि उबंटू 23.04 पासून पुढे, सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या 'पिप'ने परस्पर काही बसवायला गेलात तर ते सरळ नकार देतं. तरीही बसवायचंच असेल तर एक शेपूट जोडावं लागतं, आणि त्याचं नाव आहे 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'. म्हणजे टाइप करणारा स्वतःच्या बोटांनी 'सिस्टिमची पॅकेजं मोड' असं लिहून देतो. तरी लोक ते कुठूनतरी उचलतात, चिकटवतात, आणि महिन्याने विचारतात की पॅकेजं मोडली कशी.

आता हे उबंटू नेमकं बनवतं कोण, ते पाहू. कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा गाभा, लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये सुरू केला. आज त्यावर जगभरातले हजारो लोक काम करतात. टर्मिनल, ब्राउझर, पायथॉन, ऑफिस हे सगळे वेगवेगळ्या मंडळींचे प्रोग्राम. ते सगळे गोळा करून, एकमेकांशी जमतात का पाहून, पॅकेजांत बांधून देण्याचं काम डिस्ट्रो करते. इयान मरडॉकने 1993 मध्ये सुरू केलेलं डेबियन ही अशी एक. डेबियनवरून 2004 मध्ये उबंटू आलं आणि उबंटूवरून पुढे मिंट. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना या जगात 'अपस्ट्रीम' म्हणतात, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचे.

इंदूरकरांना हे नळावरून चटकन कळावं. आपल्याकडे नर्मदा जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पाइपातून वर चढवून आणतात. मग टाकी, मग कॉलनीची लाइन, मग बिल्डिंगची टाकी, आणि शेवटी आपण स्वतः बसवून घेतलेली वळणं, पंप आणि गाळण्या. सकाळी धार बारीक आली की आपण म्हणतो, "नर्मदाच नाही आली आज." शेजारच्या घरी बादली भरून वाहतेय का, हे आधी बघून यायचं सुचत नाही.

दादासारखा माणूस या साखळीतली शेवटची कडी असतो. तो नुसता वापरणारा नसतो, त्याने स्वतःची एक खासगी डिस्ट्रोच करून ठेवलेली असते. तिचा कर्ता तोच, वापरणाराही तोच. फक्त तिला वेगळं नाव नसतं, म्हणून बिघडली की नाव उबंटूचं येतं.

राजवाड्यापाशी पोह्याच्या गाडीवर एकदा हे अगदी डोळ्यांसमोर घडलं. एका गृहस्थांनी प्लेट हातात येताच, चव न घेता, जिरावनाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या खारट मसाल्याचा, डबा उपडा केला, वर शेव मागून घेतली, मग पहिला घास घेऊन तोंड वाकडं केलं: नमक ज़्यादा है. गाडीवाला कढईवरून मान न उचलता म्हणाला, "भिया, ऊपर से जीरावन किसने डाला?" गाडीवाल्याला सगळा मामला समोर दिसत होता. उबंटूचं पॅकेज सांभाळणाऱ्याला तुमची प्लेट दिसत नाही. त्याच्याकडे फक्त 'खारट आहे' एवढंच पोचतं.

दिसली असती तरी त्याला फार काही करता आलं नसतं, आणि त्याचं कारण साधा गुणाकार आहे. तुम्ही दहा गोष्टी बदलल्यात, प्रत्येक 'केली' किंवा 'नाही केली' अशी धरली, तर 1,024 वेगवेगळ्या सिस्टिमी होतात. वीस धरल्या तर 10,48,576. बनवणाऱ्यांनी त्यातली एक तपासलेली असते: जिच्यात काहीच बदललेलं नाही ती. तुमची बहुधा जगात एकच असते आणि तिची चाचणी घेणारे एकटे तुम्ही.

सगळ्यात जुना आणि नामांकित घोटाळा डेबियनवाल्यांचा. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावं असतात: 2023 ची बारावी 'बुकवर्म', 2025 ची तेरावी 'ट्रिक्सी'. या झाल्या स्थिर आवृत्त्या. स्थिर म्हणजे तिथली पॅकेजं एकदा गोठवली की पुढे फक्त दुरुस्त्या, नवी आवृत्ती नाही. शिवाय एक 'अनस्टेबल' असते, जिथे नवा माल रोज येऊन पडतो. तिचं नाव कायम 'सिड' असतं. सिनेमात सिड हा शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा आहे. इतकी स्पष्ट सूचना नावातच देऊनही उपयोग होत नाही.

होतं काय, की स्थिर डेबियनवर एखादा प्रोग्राम जुना वाटतो. फोटोंचा म्हणा. अनुभवी माणूस, पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत, सिडची एक ओळ वाढवतो आणि फक्त तेवढा प्रोग्राम तिथून आणतो. पण तो प्रोग्राम एकटा येत नाही. त्याला नवी 'लिबसी' लागते. लिबसी म्हणजे जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती सी भाषेची लायब्ररी. तिसऱ्या मजल्यावर नवी खिडकी हवी म्हणून तळमजल्याचा खांब बदलावा तसं ते होतं. त्या दिवशी इमारत पडत नाही. फोटो मस्त दिसतात. पुढच्या कुठल्यातरी अपडेटला काही पॅकेजं जुनी लिबसी मागतात, काही नवी, आणि पॅकेज मॅनेजर म्हणतो की एवढी एकशे बारा पॅकेजं काढू का? परत मागे जावं म्हटलं तर डेबियन आवृत्ती उतरवण्याची हमी देत नाही. डेबियनच्या स्वतःच्या विकीवर याला नाव आहे, 'फ्रँकनडेबियन', निरनिराळ्या मढ्यांचे अवयव जोडून केलेला राक्षस. आणि जे हवं होतं ते सरळ मार्गाने मिळतही असतं: 'बॅकपोर्ट्स' नावाच्या भांडारात निवडक नवे प्रोग्राम स्थिर आवृत्तीसाठीच पुन्हा बांधून ठेवलेले असतात. ते आधी पाहायचं.

आर्च या दुसऱ्या डिस्ट्रोवाल्यांचंही थोड्याफार फरकाने हेच. तिथे अर्धवट अपग्रेड चालत नाही, एक तर सगळं करा नाहीतर काहीच नको, हे त्यांनी लिहून ठेवलंय. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडियाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, डिस्ट्रोच्या पॅकेजातून न घेता कंपनीची फाईल उतरवून हाताने बसवणारे, आणि पुढचा कर्नल आल्यावर काळ्या पडद्याकडे बघत बसणारे, यांच्यावर तर स्वतंत्र लेख होईल.

नवशिक्याचं असं होत नाही. त्याला मोडता येण्याइतकं येतच नसतं. तो पहिल्यांदा विचारतो, "माझं काय चुकलं?" सोळा वर्षांच्या अनुभवानंतर हा प्रश्न तोंडात येत नाही. अनुभवी माणसाने केलेला बदल त्या रात्री चालतो, कारण त्याला काम येतं, आणि चालला म्हणून तो विसरतो. बदल चैत्रात, मोड दिवाळीत. मधल्या सहा महिन्यांत आणखी पंधरा गोष्टी बदललेल्या. मोडलं त्या दिवशी मशीनवर आपल्याखेरीज काय घडलं हे आठवायला गेलं तर हाती एकच लागतं: अपडेट. संशय तिथेच जाणार.

ही भांडणं होणार, याची कल्पना मोकळ्या सॉफ्टवेअरचे नियम लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून होती. जीपीएल या परवान्याची दुसरी आवृत्ती 1991 ची, कर्नल आजही तिच्याखालीच आहे. तिच्या प्रस्तावनेत सरळ म्हटलंय की सॉफ्टवेअर कुणी बदलून पुढे दिलं, तर घेणाऱ्याला कळलं पाहिजे की हे मूळ नव्हे, म्हणजे दुसऱ्याने घातलेल्या चुकांमुळे मूळ लेखकांच्या नावाला बट्टा लागायला नको. पुढे कलमातही आहे, की बदललेल्या फायलीवर आपण बदल केल्याचं आणि तारखेचं ठळक लिहा. स्वतःच्या घरात स्वतःपुरतं बदललंत तर परवाना तुम्हाला काही विचारत नाही. पण ती तारीख लिहायची सवय खरी कामाची आहे, आणि ती घरातच जास्त लागते.

हा बट्टा किती महाग पडतो ते 2008 मध्ये दिसलं, आणि तिथे बदल करणारा कुणी हौशी नव्हता, डेबियनचाच जाणता माणूस होता. ओपनएसएसएल ही कुलपं-किल्ल्या बनवणारी लायब्ररी. एका तपासणी करणाऱ्या साधनाने तिच्या कोडमधल्या दोन ओळींवर बोट ठेवलं, की इथे अजून काही न भरलेली मेमरी वाचली जातेय. 2006 मध्ये डेबियनच्या पॅकेजात त्या ओळी गाळल्या. साधनाची कुरकुर थांबली. पण त्यातल्या एका ओळीतूनच किल्ली बनवायला लागणारा अनियमितपणा आत येत होता. ती गेल्यावर अनियमित असं फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक उरला, आणि तो जास्तीत जास्त 32,768 प्रकारचा असू शकतो. म्हणजे अब्जावधी नव्हे, एका प्रकारच्या आणि लांबीच्या मोजून तेवढ्याच वेगळ्या किल्ल्या बनत होत्या, आणि त्या सगळ्या कुणालाही आधीच घडवून ठेवता येत होत्या. डेबियनवर आणि त्यावरून आलेल्या उबंटूवर जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. 'व्यवस्थित' चाललं. 13 मे 2008 ला जाहीर झालं तेव्हा लोकांना सर्व्हरच्या किल्ल्या नव्याने घडवाव्या लागल्या. मूळ ओपनएसएसएलमध्ये ही चूक कधीच नव्हती.

फायरफॉक्सवाल्यांनी म्हणूनच नावावर बोट ठेवलं होतं. डेबियन फायरफॉक्समध्ये स्वतःचे बदल करतं, तर मग आमचं नाव आणि चिन्ह वापरू नका, असं 2006 मध्ये झालं. मग डेबियनवर तोच ब्राउझर दहा वर्षं 'आइसवीझल' या नावाने नांदला. 2016 मध्ये समझोता झाला आणि नाव परत आलं. त्या वेळी मला हे भांडण फार कोतं वाटलं होतं. आता वाटत नाही.

कर्नलने तर सोवळ्या-ओवळ्याचीच व्यवस्था करून ठेवलीय. त्यात एक आकडा असतो, त्याला 'टेंटेड' म्हणतात. शून्य असेल तर कर्नल सोवळ्यात. बंद परवान्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, शिरलं की त्यात 1 मिळवतात, कर्नलच्या बाहेर बांधलेलं असेल तर 4096, सही नसेल तर 8192. दादाच्या जुन्या डेस्कटॉपवर मी पाहिला तेव्हा तो 12289 होता, म्हणजे एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरने तिन्ही दोष एकदम लावलेले. मॉड्यूल काढून टाकलं तरी आकडा उतरत नाही. रीस्टार्टची आंघोळ झाल्याशिवाय सोवळं परत येत नाही. असा आकडा घेऊन तक्रार केली तर कर्नलवाले बहुधा म्हणतात, सोवळ्यात असताना हेच घडवून दाखवा, मग बोलू. यात उद्दामपणा नाही. ज्या ड्रायव्हरचा कोड त्यांना दिसतच नाही, त्याने मेमरीत काय लिहिलं हे ते कसे सांगणार?

एवढं सगळं दादाच्या विरोधात लिहिल्यावर त्याची बाजूही सांगायला हवी. सॉफ्टवेअरही चुकतंच. नोव्हेंबर 2021 मध्ये यूट्यूबवरच्या लिनस सेबास्टियनने नव्या कोऱ्या पॉप-ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे खेळांचं दुकान बसवायला घेतलं. भांडारातल्या पॅकेजांच्या जुळणीतच चूक होती. पॅकेज मॅनेजरने इशारा दिला, 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाइप करून घेतलं, आणि अख्खा डेस्कटॉप काढून टाकला. इशारा न वाचणं ही त्याची चूक, पण खेळाचं दुकान मागितल्यावर घरच विकायला निघणं ही सिस्टिमची. त्याने जिरावन घातलंच नव्हतं. त्यानंतर एपीटी या पॅकेज मॅनेजरमध्ये अशी अत्यावश्यक पॅकेजं काढणं अवघड करण्यात आलं.

नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपचं प्रकरण मात्र मला अजून अर्धं-अर्धं वाटतं. सप्टेंबर 2023 च्या नोम 45 मध्ये एक्सटेन्शन, म्हणजे वरून जोडायची भर, आत घेण्याची पद्धतच बदलली, आणि तोवरची सगळी एक्सटेन्शनं लेखकांनी पुन्हा लिहीपर्यंत बंद पडली. नोमवाले म्हणणार, ही एक्सटेन्शनं आमच्या आतल्या कोडलाच हात घालतात, तो कायम तसाच राहील असं वचन आम्ही कधी दिलं नव्हतं. खरं आहे. पण पुष्कळांना साधी खालची पट्टी हवी म्हणून एक्सटेन्शन घालावं लागतं, हेही खरं आहे. मागणी इतकी साधी असेल तर दार आतूनच द्यावं.

मग आपल्या घरी दोष कुणाचा हे ओळखायचं कसं? सगळ्यात स्वस्त परीक्षा मला माझ्याच फजितीतून सापडली.

हळदीकुंकवाची पत्रिका छापायची होती. महिला मंडळातून फाईल आली, लिबर ऑफिस या मोकळ्या ऑफिस प्रोग्राममध्ये उघडली, तर 'प्रसाद'चा प्‌रसाद आणि 'श्री'चा श्‌री. पाय मोडलेली अक्षरं ओळीने उभी. मी लिबर ऑफिसला दोन संध्याकाळी शिव्या घातल्या: इतकी वर्षं झाली, अजून मराठी धड दाखवता येत नाही. तिसऱ्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, त्याच लॅपटॉपवर नवा युजर तयार केला आणि तीच फाईल तिथून उघडली. 'प्रसाद' प्रसादासारखा.

लिनक्समध्ये तुमच्या आवडीनिवडी तुमच्या होम फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींत असतात. नव्या युजरकडे त्या नसतात. तिथे दोष गेला, म्हणजे तो माझ्या फायलींत होता. शोधल्यावर फाँटांच्या नियमांची एक फाईल निघाली. अक्षरं गोंडस दिसावीत म्हणून मीच दीड वर्षापूर्वी कुठूनतरी उतरवून घेतलेली. पत्रिकेतला फाँट माझ्याकडे नव्हता. अशा वेळी सिस्टिम त्याच्या जागी दुसरा शोधते, आणि माझ्या नियमाने तिला एका जुन्या फाँटकडे पाठवलं होतं. त्या फाँटात देवनागरीची सुटी अक्षरं होती, पण कुठल्या दोन अक्षरांचं कोणतं जोडाक्षर करायचं याचा तक्ता अर्धवट होता. फाईल उडवली, पत्रिका छापली, शिव्या परत घेतल्या.

नव्या युजरमध्येही दोष राहिला, तर तो होम फोल्डरच्या बाहेर आहे. मग त्याच आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून काही न बसवता अख्खी सिस्टिम चालते तो, लावून बघायचं. तिथे तुमचं काहीच नसतं, नुसते पोहे. तिथेही तेच झालं तर बेलाशक तक्रार नोंदवा. तुमचा मुद्दा खरा आहे, आणि असा तपास करून आलेल्या तक्रारीला बनवणारे मान देतात. तिथे नसेल तर बदल तुमच्याच डिस्कवर कुठेतरी आहे. 'डेबसम्स' हे साधन पॅकेजातल्या मूळ फायली आणि तुमच्या डिस्कवरच्या फायली ताडून वेगळ्या झालेल्यांची नावं सांगतं. फेडोरा या डिस्ट्रोकडे 'आरपीएम' या पॅकेजांच्या साधनातच ती सोय आहे. एपीटीचा इतिहास लॉगमध्ये तारखेनिशी असतो, साधारण वर्षभराचा. 'एटसीकीपर' बसवलंत तर सेटिंगांच्या फोल्डरमधला प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वहीत, नोंदला जातो, आणि सोबत एक ओळ लिहायला जागा असते: हे का केलं. ती ओळ रिकामी सोडू नका.

ज्यांना ही वही ठेवायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी नव्या धाटणीच्या डिस्ट्रो निघाल्यात. फेडोरा सिल्व्हरब्लूमध्ये सिस्टिमचा मुख्य भाग वाचता येतो पण लिहिता येत नाही, आणि बिघडलं तर सुरू होतानाच मागची आवृत्ती निवडता येते. निक्सओएसमध्ये अख्खी सिस्टिम एका मजकुराच्या फायलीत लिहून काढायची असते. दादाला दोन्ही दाखवल्या. पहिलीत त्याला कोंडल्यासारखं झालं आणि दुसरी वाचून तो म्हणाला, "हे तर मुन्शिपालटीचा अर्ज भरल्यासारखं आहे." उबंटूवरच राहिला.

गेल्या महिन्यात पोहे खायला त्याच्याकडे गेले होते तेव्हा अपग्रेड चालू होतं. मधेच थांबलं. पडद्यावर प्रश्न: प्रिंटर शोधणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग फाईल बसवल्यानंतर बदललेली आहे, 'तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने'. पॅकेजवाल्यांनी नवी पाठवलीय. वाय दाबलं तर त्यांची, एन दाबलं तर तुमचीच राहील, डी दाबलं तर फरक दाखवू. काही न ठरवता एन्टर मारलं तर तुमचीच राहते, आणि दादाने सोळा वर्षं एन्टरच मारलंय.

बोट एन्टरवर गेलं होतं. माझ्याकडे बघून त्याने डी दाबलं. फरक एकाच ओळीचा होता: दर थोड्या वेळाने अमुक पत्त्यावरच्या प्रिंट सर्व्हरला विचारत जा.

"हा पत्ता कुठला?"

दादा बराच वेळ बघत राहिला. "जुन्या ऑफिसचा," तो म्हणाला. "सोडून चार वर्षं झाली." मग आत बघून, जरा हळू आवाजात: "प्रिंटची खिडकी उघडायला इतका वेळ का लागतो म्हणून मी तक्रारसुद्धा टाकली होती."

त्याने वाय दाबलं आणि जिरावनाचा डबा माझ्याकडे सरकवला.